बेळगावहून जोतिबाला पायी : निघण्याआधीची आखणी

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर लोटणाऱ्या गर्दीत बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी आणि निपाणी भागातील माणसे पूर्वापार असतात. बेळगावच्या चव्हाट गल्लीतील देवदादा सासनकाठी (देवाच्या भेटीला नेली जाणारी उंच, सजवलेली काठी) बैलगाड्यांच्या लवाजम्यासह डोंगराकडे निघते, हेही या भागात सर्वांना ठाऊक आहे. परंतु काठीसोबत न जाता चार-सहा जणांनी मिळून स्वतंत्रपणे चालत जायचे ठरवले, तर मुक्काम, पाणी आणि वेळ यांची जुळणी स्वतःच करावी लागते. बेळगाव ते जोतिबा हे अंतर कोल्हापूरमार्गे सुमारे १३० किलोमीटर भरते. त्यातील संकेश्वरपर्यंतचे पहिले पन्नास किलोमीटर नीट आखले की पुढची वाट फारशी अडत नाही, असे माझे मत आहे. या टप्प्यात पाय सरावलेले नसतात, वंटमुरीचा घाट लागतो आणि यात्रेकरूंसाठीची अन्नछत्रे व पाणपोया कोल्हापूरच्या आसपास जशा दाट असतात तशा इकडे नसतात.

तारीख नेहमी उलटी मोजावी. पौर्णिमेला सासनकाठ्यांची मिरवणूक निघते आणि पालखी यमाईच्या भेटीला जाते. त्या दिवशी दमलेल्या पायांनी डोंगर चढण्यात अर्थ नसतो, म्हणून चतुर्दशीच्या संध्याकाळपर्यंत वर पोहोचायचे असे धरून चालावे. वाट सात दिवसांची मानली तर निघण्याचा दिवस चैत्र शुद्ध अष्टमीला येतो आणि मध्ये एक दिवस विसाव्याचा हवा असेल तर सप्तमीला. मात्र पंधरवड्यात एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी होते. त्यामुळे केवळ तिथी न मोजता पंचांगात पौर्णिमेची तारीख पाहून तिथून मागे तारखाच मोजाव्यात. २०२५ साली चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती आणि २०२६ साली ती २ एप्रिलला आली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने २०२७ ची पौर्णिमा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जाते. या दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने उन्हाचा कडाका आणि वळवाच्या पावसाची शक्यता दोन्ही बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा अनुभव जसाच्या तसा गृहीत धरू नये.

पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवावा. नार्वेकर गल्लीतील जोतिबाच्या देवळात नारळ वाढवून पहाटे निघाले, की चन्नम्मा चौकातून केएलई रुग्णालयाच्या पुढे महामार्ग क्रमांक ४८ लागतो आणि ऊन चढायच्या आत काकती मागे पडते. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर. तिथे चहा आणि न्याहारी उरकून होनगा औद्योगिक वसाहत ओलांडली की भुतरामहट्टीच्या परिसरात थांबावे. हे अंतर सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरचे आहे. उत्साहाच्या भरात त्याच दिवशी घाटही उरकून टाकू, असे सांगणारा एक जण प्रत्येक मेळ्यात असतो. त्याचे ऐकू नये, कारण पहिल्या दिवशी उठलेला फोड सातव्या दिवसापर्यंत सोबत करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ताज्या पायांनी वंटमुरी घाट पार करून यमकनमर्डी किंवा हत्तरगी गाठावी. अष्टमीला निघालेल्यांची ही बहुधा रामनवमी असते. त्या दिवशी गावोगावच्या देवळांत पानक आणि कोशिंबीर वाटली जाते, तिचा लाभ घ्यावा आणि मुक्कामाची चौकशीही तिथेच करावी. तिसऱ्या दिवशी संकेश्वरपर्यंतचे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास उरते आणि दहाच्या आत गावात पोहोचता येते.

रस्त्याची बाजू आधी ठरवावी, कारण दुभाजक असलेल्या महामार्गावर ती हवी तेव्हा बदलता येत नाही. कोल्हापूरकडे जाणाऱ्या वाहनांच्या बाजूने चाललो तर वाहने पाठीमागून येतात आणि पायी यात्रेकरूंच्या बाबतीत सर्वाधिक भीती याचीच असते. जिथे सेवारस्ता आहे तिथे तोच धरावा. जिथे नाही तिथे कोल्हापूरहून बेळगावकडे येणाऱ्या मार्गिकेच्या बाहेरच्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत, एकामागे एक चालावे. पलीकडे जायचे असेल तर पुलाखालचा रस्ता येईपर्यंत थांबावे. दुभाजकावरून उडी मारून जाण्याने वाचणारी पाच मिनिटे त्या धोक्यापुढे काहीच नाहीत. रांगेतील पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चमकपट्टीचे जाकीट असावे, आणि शेवटचा माणूस चालण्यात सर्वांत पक्का असावा. रेंगाळणारा सर्वांच्या मागे पडला की रांग तुटते.

चालण्याची वेळ पहाटे चार ते सकाळी दहा आणि जमल्यास संध्याकाळी पाच ते सात अशी ठेवावी. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शुक्ल पक्ष असला तरी सुरुवातीच्या पहाटांना चांदणे नसते. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, एकादशीचा साधारण तीनच्या सुमारास, आणि त्रयोदशी-चतुर्दशीपासूनच पहाटेच्या वाटेवर उजेड मिळू लागतो. म्हणजे घाटाचा दिवस नेमका काळोखाचा असतो. पहिल्या चार-पाच दिवसांसाठी प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी असावी. मोबाईलच्या उजेडावर विसंबले तर संकटात फोन करण्यापुरतीही चार्जिंग उरत नाही. दुपारी तीननंतर वळीव येण्याचा संभव असतो. विजा चमकू लागल्या की झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. मुक्काम लवकर गाठण्याचे हेही एक कारण आहे.

पायांची तयारी निघण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी. आठवड्यातून तीन-चार दिवस डांबरी रस्त्यावर चालावे आणि शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी लागोपाठ दोन दिवस पंधरा किलोमीटर चालून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात, हेच त्यातून कळायचे असते. टाचांच्या भेगांकडे आधी पाहावे. कोरडी भेग उन्हात तापलेल्या रस्त्यावर खोल चिरते, रक्त येते आणि त्यात धूळ बसते. त्यासाठी आपल्याकडचे कोकमाचे तेल उत्तम. घट्ट गोळ्याच्या स्वरूपात मिळणारे हे तेल पळीत घेऊन मंद आचेवर वितळवावे, सोसेल इतके कोमट झाले की बोटाने भेगेत भरावे आणि वर सुती मोजा चढवून झोपावे. पंधरा दिवस हे केले की कातडी मऊ पडते आणि भेगांची तोंडे मिटू लागतात. अनेकांचा अनवाणी जाण्याचा नवस असतो. त्यांनी सकाळी आठपर्यंत कडेच्या मातीवरून अनवाणी चालावे आणि डांबर तापू लागले की पायात चप्पल घालावी, असे मी सुचवेन. पोळलेल्या तळव्यांनी अर्ध्या वाटेवरून परतण्यापेक्षा हे बरे. नवसाची बाब ज्याची त्याने ठरवावी. चप्पल असो वा बूट, दोन्ही वापरून जुने झालेले असावेत.

मुक्कामाची विचारपूस घरी बसून करता येते, पण ती एकदा प्रत्यक्ष जाऊन करावी. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी मोटारसायकलने संकेश्वरपर्यंत जाऊन यावे, देवस्थानाचे पुजारी किंवा पंच यांना भेटावे आणि किती माणसे, कोणत्या तारखेला, किती वाजता येणार हे सांगून ठेवावे. देवळाचा मंडप, समाजमंदिर, मंगल कार्यालयाची ओसरी यांपैकी काही ना काही मिळते. शाळेचा व्हरांडा हवा असेल तर मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय तो गृहीत धरू नये. लग्नसराईमुळे मंगल कार्यालये भरलेली असण्याचा संभव लक्षात ठेवावा. काकतीच्या पुढे अनेक गावांत बोलणे कन्नडमध्ये होते आणि पाट्याही कन्नडमध्ये असतात, म्हणून मेळ्यात कन्नड बोलता आणि वाचता येणारा एक तरी असावा. सीमाभागात असा माणूस मिळणे अवघड नाही. प्रत्येक ठिकाणी पाण्याची चव घेऊन पाहावी. चैत्रात बोअरचे पाणी कुठे कुठे मचूळ लागते, तिथे पिण्यापुरते पाणी आधीच्या गावातून भरून आणावे लागते.

शिदोरी पहिल्या दोन दिवसांपुरती पुरे. दशम्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ एवढे असले की भागते. दहीभात उन्हात टिकत नाही. सोबत मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटे, लिंबे, पट्ट्या, जंतुनाशक आणि ज्याची त्याची रोजची औषधे घ्यावीत. पाठीवरील ओझे पाच किलोंच्या वर जाऊ देऊ नये. अंथरुण-पांघरुण घेऊन एखादी गाडी सोबत येणार असेल तर ती पुढच्या मुक्कामी जाऊन थांबावी. चालणाऱ्यांच्या मागे-मागे संथ गतीने महामार्गावर येणारी गाडी स्वतःच अपघाताला निमंत्रण ठरते. १०८ आणि ११२ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आहे.

सासनकाठीच्या मेळ्यासोबत जाणाऱ्यांची आखणी थोडी निराळी होते. तिथे वेग माणसांचा नसतो, बैलांचा असतो. बैलांच्या खुरांना निघण्याआधी पत्र्या (नाल) मारून घ्याव्या लागतात, आणि भर दुपारी त्यांना सावली व पाणी लागतेच. त्यामुळे मुक्काम जिथे हौद किंवा विहीर आहे तिथेच पडतो आणि आपला टप्पा त्याप्रमाणे लांबतो किंवा आखडतो. उंच काठी उभी धरताना वर विजेच्या तारा आहेत का, हे पाहणारा एक माणूस नेमलेला असावा. नवख्याने पहिल्या वर्षी मेळ्यासोबतच जावे, हे उत्तम.

संकेश्वरला पोहोचल्यावर हिरण्यकेशीच्या काठच्या या गावात एक अख्खी दुपार हाती असते. शंकरलिंगाचे दर्शन घ्यावे, कपडे धुऊन वाळत घालावेत आणि प्रत्येकाने आपले तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. पुढचा टप्पा कणगल्यावरून तवंदी घाट ओलांडून निपाणीपर्यंतचा, म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा आणि वाटेतील सर्वांत मोठा आहे. ज्याच्या टाचेत पाणी धरले आहे किंवा मांडी घासून सोलली आहे, त्याने हा एक टप्पा बसने जाऊन निपाणीत थांबावे आणि तिथून पुन्हा चालू लागावे. संकेश्वरहून निपाणीकडे आणि बेळगावकडे दोन्ही बाजूंना बसगाड्या सतत असतात. कर्नाटकातील महिलांना राज्याच्या बससेवेत ‘शक्ती’ योजनेखाली मिळणारा मोफत प्रवास राज्याच्या हद्दीतच चालतो, म्हणून परतीच्या हिशेबात राज्याच्या सीमेवरील कोगनोळीच्या पुढच्या भाड्याचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. यात्रेच्या दिवसांत डोंगराकडील वाहतूक वळवली जाते. त्यामुळे परतीची गाडी डोंगरावर बोलावण्याऐवजी कोल्हापुरात ठरलेल्या जागी उभी करायला सांगावी, आणि ती जागा निघण्याआधीच सर्वांना लिहून द्यावी.