एका स्क्रिप्टने शेकडो सिम्बॉलिक लिंक बदलताना या चुका टाळा

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव असे नामांतर झाले, तेव्हा लातूरमध्ये मी ज्या लिनक्स सर्व्हरची देखभाल करतो त्यावरील जिल्हानिहाय फोल्डरांचीही नावे बदलावी लागली. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची माहिती तिथे आठ फोल्डरांत होती आणि त्यांतील फायलींकडे नेणाऱ्या शेकडो सिम्बॉलिक लिंक (दुसरीकडच्या फायलीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) निरनिराळ्या विभागांच्या जागेत होत्या. फोल्डरचे नाव बदलताच त्याच्याकडे जाणारी प्रत्येक लिंक तुटली, कारण लिंकमध्ये फाइल नसते. तिचा पत्ता केवळ मजकूर म्हणून लिहिलेला असतो आणि तो मजकूर आपोआप बदलत नाही.

पहिली चूक मी स्वतः केली. मजकुरात शोधून बदल करणाऱ्या सेड कमांडने प्रत्येक पत्त्यात जिथे जिथे ‘उस्मानाबाद’ दिसेल तिथे ‘धाराशिव’ लिहायचे, असे मी ठरवले. त्यामुळे ‘/माहिती/लातूर/पशुधन/उस्मानाबादी-शेळी.पीडीएफ’ हा पत्ता ‘धाराशिवी-शेळी.पीडीएफ’ असा झाला. शेळीच्या जातीचे नाव बदललेले नव्हते, फाइलचेही नव्हते, शिवाय ती फाइल लातूरच्या फोल्डरात होती. म्हणजे जी लिंक धडधाकट होती ती माझ्या स्क्रिप्टनेच तोडली. म्हणून जुळणी नेहमी पत्त्याच्या सुरुवातीपासून आणि फोल्डरच्या नावापुढील तिरक्या रेघेसकट करावी. फायली व लिंक शोधणाऱ्या फाइंड कमांडचा ‘एलनेम’ हा पर्याय लिंकमध्ये लिहिलेला पत्ता तपासतो. त्याला ‘/माहिती/उस्मानाबाद/*’ असा नमुना दिला की नेमक्या त्या फोल्डरातील गोष्टींकडे जाणाऱ्या लिंकच मिळतात. थेट फोल्डरकडेच जाणाऱ्या लिंकच्या पत्त्यात शेवटी ती रेघ नसू शकते आणि ‘../उस्मानाबाद/’ अशा सापेक्ष पत्त्यांच्या लिंक या नमुन्यात बसत नाहीत. या दोन्हींसाठी वेगळी फेरी करावी लागते. सापेक्ष पत्ता लिंक ज्या फोल्डरात आहे तिथून मोजला जातो, आपण टर्मिनलमध्ये जिथे उभे आहोत तिथून नव्हे, हेही विसरू नये.

जुना पत्ता वाचताना अनेकजण सवयीने लिंकचा पत्ता दाखवणाऱ्या रीडलिंक कमांडला ‘एफ’ हा पर्याय जोडतात. हा पर्याय वाटेतील सर्व लिंक ओलांडून अंतिम ठिकाण शोधतो. पण वाटेतला एखादा फोल्डरच अस्तित्वात नसेल तर काहीही छापत नाही आणि स्क्रिप्टच्या हाती रिकामी ओळ येते. आपल्याला लिंकमध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा हवा असतो, म्हणून नुसते रीडलिंक वापरावे. त्याच कारणाने लिंक आहे की नाही हे स्क्रिप्टमधील मोठ्या ‘एल’च्या चाचणीने पाहावे, कारण फाइल अस्तित्वात आहे का हे पाहणारी ‘ई’ची चाचणी तुटलेल्या लिंकला ‘नाही’ म्हणते.

सर्वांत फसवी चूक लिंक तयार करणाऱ्या एलएन कमांडची आहे. जुना फोल्डर अजून शाबूत असेल आणि ‘चालू-जिल्हा’ ही लिंक त्याकडे जात असेल, तर केवळ ‘एस’ व ‘एफ’ देऊन ती धाराशिवकडे वळवायला गेल्यास लिंक बदलत नाही. एलएन त्या लिंकमधून आत शिरते आणि ‘/माहिती/उस्मानाबाद/’ या फोल्डरात ‘धाराशिव’ नावाची नवी लिंक तयार करते. एररही येत नाही. ‘एन’ हा पर्याय जोडला की लिंकलाच लिंक मानून ती बदलली जाते.

फायलींच्या नावांत मोकळ्या जागा असतात, म्हणून फाइंडला ‘प्रिंट०’ हा पर्याय द्यावा आणि स्क्रिप्टमधील प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवावे. मराठी नावांत आणखी एक अडचण आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातील अर्धा र कोणी ‘ऱ’ या अक्षरातून टाइप करतो, तर कोणी ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. नाव हाताने पुन्हा टाइप करू नये. फाइंडने दिले तेच पुढे न्यावे.

रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून स्क्रिप्ट चालवल्यास नव्या लिंक रूटच्या मालकीच्या होतात. सीएचओन कमांडला ‘एच’ पर्याय देऊन मालकी परत करता येते.

काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक लिंक, तिचा जुना पत्ता आणि प्रस्तावित नवा पत्ता एका फायलीत छापून घ्यावा आणि ती यादी डोळ्यांखालून घालावी. मागे फिरावे लागले तर हीच यादी उपयोगी पडते. ‘एक्सटाइप एल’ देऊन फाइंडने तुटलेल्या लिंकची यादी बदलाआधी व बदलानंतर अशी दोनदा काढावी आणि दोन फायलींतील फरक दाखवणाऱ्या डिफ कमांडने ताडून पाहावी. शेळीची ती लिंक मला दुसऱ्या यादीतच सापडली.