शाळेत रक्तगट तपासणी ठेवताय? मग आधी एवढं करून ठेवा

यूडायसच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी नोंदीच्या) फॉर्ममध्ये मुलांच्या रक्तगटाचा रकाना आला आणि तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर कुणा ना कुणाचा फोन येतोच, की बाई तुमच्या शाळेत कॅम्प कसा घेतलात, काय काय आणायचं, यादी पाठवा ना. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून आता एकदाच बसून टाइप करतेय. आमच्या शाळेचा पट १८० धरून सगळे आकडे दिलेत, तुमच्या पटाप्रमाणे कमी-जास्त करा.

पहिलं काम म्हणजे शाळेत आधीपासून जी रक्तगटांची माहिती भरलेली आहे ती बाजूला काढून ठेवायची. ती तपासायला म्हणून उपयोगी पडेल, पण तिच्यात नवीन नावं भरत जाऊ नका. मी एका शाळेची यादी बघितली होती, सहावीत सलग बावीस मुलं ओ पॉझिटिव्ह! कुणीतरी शेवटच्या तारखेच्या रात्री एक्सेलमध्ये वरचा सेल धरून खाली ओढत नेलेला. आता उद्या कुणी तालुक्यातल्या मुलांत कुठला गट किती म्हणून आकडे काढले तर ओ गटाचा पूर आलेला दिसणार, आणि टक्केवारीचं सोडा, त्या बावीसातल्या एखाद्याचा अपघात झाला तर? रक्त देताना रक्तपेढी गट परत तपासते आणि क्रॉसमॅच करते (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का बघते) हे खरं, म्हणून बरं, पण म्हणून आपण काहीही लिहावं असं नाही.

पंधरा दिवस आधी टेक्निशियन पक्का करा. ग्रामीण रुग्णालयातून मिळाला तर उत्तम, नाहीतर ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून. टोचायचं काम विज्ञानाच्या शिक्षकांनी करायचं नाही, तुम्ही कॉलेजात प्रॅक्टिकलला शंभर बोटं टोचली असतील तरी नाही. आणि डॉक्टर तिथे हजर पाहिजेत, फोनवर नव्हे. एक टेक्निशियन तासाला तीस-पस्तीस मुलं करतो, त्याच्यावर मुलं नेली की तो वाचायला घाई करतो, म्हणून १८० ला दोन टेक्निशियन आणि तीन तास धरा.

त्याच आठवड्यात संमतीपत्रं घरी पाठवायची. एकाच पानाचं, मराठीत, सरळ भाषेत, की बोटाच्या टोकातून एक-दोन थेंब रक्त घेणार, प्रत्येकाला नवीन सुई, निकाल फक्त पालकांना आणि शाळेच्या नोंदीत. खाली तीन प्रश्न नक्की घाला: जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही असं काही आहे का, मूल कधी चक्कर येऊन पडलंय का, आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलंय का. हा तिसरा प्रश्न सगळे गाळतात. थॅलेसेमिया (जन्मजात रक्ताचा आजार) असलेल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढतं, त्यांच्या थेंबात स्वतःच्या आणि दात्याच्या अशा दोन्ही पेशी असतात आणि स्लाइडवर (तपासायच्या काचपट्टीवर) अर्धवट गुठळ्या दिसतात, मग टेक्निशियन एक सांगतो आणि घरचं कार्ड एक सांगतं. अशा मुलांना टोचायचंच नाही, त्यांच्या फाइलवरून नोंद घ्यायची. आणि सही नसेल तर टोचायचं नाही, मूल मागे लागलं तरी नाही. लागतात हो मागे, मित्राच्या बोटाला कापूस दिसला की सगळ्यांनाच हवा असतो.

सामान. अँटीसेरा (ज्याच्याशी रक्ताची गुठळी होते त्यावरून गट कळतो ते द्रव) तीन बाटल्या, अँटी-ए निळा, अँटी-बी पिवळा, अँटी-डी बिनरंगाचा, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते याच्यावरून. १० मिलीच्या बाटलीत साधारण २०० थेंब येतात म्हणजे हिशोबाने एकेक पुरते, पण एक जरी हातातून निसटली तरी कॅम्प तिथेच संपला, म्हणून प्रत्येकी दोन. एक्स्पायरी दुकानातच बघा. लॅन्सेट (टोचायच्या सुया) २२०, कारण काही बोटं दुसऱ्यांदा टोचावी लागतातच, थंडीत तर जास्तच. काचेच्या स्लाइड २००, टूथपिक ६०० (एका मुलाला तीन, एकच काडी तिन्ही थेंबांत फिरवली की सगळं वाया), स्पिरिट, कापूस, हातमोजे, काचेवर लिहायची पेन्सिल, सेकंद काटा असलेलं घड्याळ, आणि पांढरा कागद, स्लाइडखाली ठेवायला. अँटीसेरा २ ते ८ डिग्रीत राहायला हवा, तेव्हा आदल्या रात्री शाळेच्या कपाटात ठेवू नका, ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांच्याकडे मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, आणि सकाळी आइसबॉक्समधून.

कचऱ्याची सोय आधी. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस आणि काड्या पिवळ्या पिशवीत, स्लाइड निळ्या खुणेच्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे. आणि ते सगळं लॅबवाल्यांनी परत न्यायचं, हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या. एके ठिकाणी मी स्वतः बघितलंय, कॅम्प आटोपल्यावर सगळं शाळेमागे खड्ड्यात टाकून वर रॉकेल ओतलं, आणि आठवडाभराने पोरं राखेतून सुया काढून खेळत होती.

आता नोंद. माझं अर्धं डोकं इथेच जातं. आमच्या पहिल्या कॅम्पला आम्ही हजेरीपट समोर ठेवून मुलं रांगेने सोडली आणि निकाल ओळीने लिहीत गेलो. २७ नंबरचा मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता. पण लिहिणाऱ्या सरांनी २८ चा निकाल २७ समोर लिहिला, २९ चा २८ समोर, असं करत तुकडीच्या शेवटपर्यंत. शेवटी एक रिकामी ओळ उरली म्हणून कळलं, आणि त्यातही आधी वाटलं की एक स्लाइड हरवली! एकोणीस मुलांना दुसऱ्या दिवशी परत टोचलं. त्यातली एक मुलगी अजूनही मला वर्गात बघितलं की बोट लपवते. तेव्हापासून आमच्याकडे हजेरी नंबर चालत नाही. प्रत्येक मुलाच्या हातात चिठ्ठी, तिच्यावर जनरल रजिस्टरचा नंबर आणि नाव, तोच नंबर स्लाइडवर टोचायच्या आधी, आणि वाचणारा मोठ्याने नंबर व गट म्हणणार, लिहिणारा परत म्हणून दाखवणार. वाचणारा आणि लिहिणारा एकच माणूस नको.

त्या दिवशी सकाळी मुलं खाऊन आलीत ना एवढं बघा, उपाशीपोटी यायचं नसतं पण निम्मे पालक उपाशी पाठवतात कारण त्यांना शुगरची टेस्ट आठवते. खिचडी लवकर शिजवायला सांगा. एक सतरंजी बाजूला, चक्कर आली की आडवं करायला. आणि पंखे बंद! पंख्याखाली थेंब कडेने सुकतो आणि सुकलेली कड गुठळीसारखी दिसते, एबी गटाची मुलं अचानक वाढली तर आधी वर पंख्याकडे बघा.

पहिल्या मुलाच्या आधी दोन-तीन शिक्षकांची बोटं पुढे करा, ज्यांच्याकडे रक्तदानाचं कार्ड आहे अशांची, शक्यतो एक ए आणि एक बी, आणि निगेटिव्ह कुणी मिळाला तर सोन्याहून पिवळं. बाटल्या बरोबर काम करतात का ते तिथेच कळतं, शिवाय मुलांना सरांचं तोंड वाकडं झालेलं बघायला मिळतं, त्याने रांगेतलं निम्मं रडणं थांबतं. मग मधलं किंवा करंगळीशेजारचं बोट, टोकाला बाजूने, स्पिरिट वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसायचा. स्लाइडवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात एकेक अँटीसेरा, ढवळून स्लाइड हळूहळू कलती करायची आणि दोन मिनिटांच्या आत वाचायची. गुठळी झाली की लाल रवा पडल्यासारखं दिसतं, मधून पाणी निवळ होतं, नाही झाली तर तसंच एकसारखं लाल. अँटी-डीला गुठळी दिसली नाही तर लगेच निगेटिव्ह लिहू नका, पेन्सिलने खूण करा, पेशींवरचा डी कमजोर असला तर स्लाइडवर चुकतो, अशा मुलांची टेस्ट ट्यूबमध्ये रक्तपेढीतून करून घ्या मगच कार्ड.

आता आकडे काय यायला हवेत त्याचा अंदाज हाताशी ठेवा, म्हणजे काही बिनसलं तर त्याच दिवशी समजेल. नेटवर पहिला सापडणारा तक्ता बहुतेक वेळा अमेरिकेचा असतो, त्यात ए चाळीसच्या पुढे, बी जेमतेम दहा, निगेटिव्ह पंधरा टक्के. तो बघून एका सरांना वाटलं आमची बाटलीच खराब. आपल्याकडे ओ आणि बी दोन्ही तिशीत, ए विशीत, एबी सात ते नऊ, निगेटिव्ह पाचच्या आसपास. हे जुनंच आहे, पहिल्या महायुद्धात ग्रीसमध्ये सालोनिकाला हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने देशोदेशीच्या शिपायांचे गट तपासले होते, त्यातही भारतीय शिपायांत बी सगळ्यात जास्त निघाला, १९१९ साली छापून आलं. पण १८० मुलांत एबी आठ निघाले काय आणि वीस निघाले काय, दोन्हीत नवल नाही, मूठभर मुलांवरून आमच्या तालुक्यात एबी जास्त असा फलक लावू नका. जवळच्या चार-पाच शाळांचे आकडे एकत्र केले तर काहीतरी बोलता येईल, आणि तेव्हा सख्खी भावंडं खूण करून ठेवा, एका घरातले तीन म्हणजे तीन वेगळी मुलं नव्हेत हिशोबात. मुलगे-मुली असा वेगळा तक्ता हमखास मागतात, वेळ घालवू नका, हे जनुक नवव्या आणि पहिल्या गुणसूत्रावर आहेत, मुलगा-मुलगीचा संबंध नाही. आणि जातीचा रकाना मुळीच नको.

निकाल वर्गात वाचून दाखवायचा नाही. आईबाबांचे गट लिहून आणा असा गृहपाठ तर चुकूनही नको, एका घरात त्यावरून काय झालं ते मला इथे लिहावत नाही, आणि शेवटी चूक बाबांच्या जुन्या कार्डात निघाली. पालकांना मात्र दोन गोष्टी माहीत हव्यात. दोघं पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होऊ शकतं, आपल्यातल्या साधारण तिघांत एकाकडे तो निगेटिव्ह गुण लपलेला असतो. आणि निगेटिव्ह मुलीच्या आईला बाजूला घेऊन सांगायचं, की कार्ड जपून ठेवा, पुढे बाळंतपणाच्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं. आईबाबांपैकी एक एबी आणि मूल ओ असं आलं तर आधी परत तपासणी, तरी ओच आलं तर अँटी-एच या आणखी एका अँटीसेराच्या तपासणीसाठी रक्तपेढीत पाठवा, बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ गट स्लाइडवर ओच दिसतो. मुंबईत केईएमच्या डॉ. भेंड्यांनी १९५२ साली तो शोधला, म्हणून शहराचं नाव. दहा हजारांत एखादा, तुम्हाला सापडायचा नाही बहुतेक, पण माहीत असावं.

कार्डावर तारीख आणि ‘स्लाइड पद्धत’ एवढे दोन शब्द छापून घ्या. गैरहजर मुलांची यादी त्याच दुपारी काढा आणि टेक्निशियन निघायच्या आधी दुसऱ्या शनिवारची तारीख त्याच्याकडून घ्या, उरलेल्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहून परत फ्रीजमध्ये. आमचा तो २७ नंबरचा मुलगा दुसऱ्या शनिवारीही आला नव्हता, त्याच्यासमोर फॉर्ममध्ये अजून काही भरलेलं नाही.