अवमान याचिका दाखल करताय? या चुका टाळा

निकाल आपल्या बाजूनं लागलेला, मुदत उलटलेली, तरी कार्यालय ढिम्म. मग माणूस म्हणतो, "आता कंटेम्प्टच टाकतो!" म्हणजे कोर्टाचा आदेश मोडला म्हणून अवमान याचिका. चीड रास्तच आहे. पण अवमानाच्या कामात कोर्टाचा हात कुठपर्यंत पोचतो, हे आधी पाहा.

सगळ्यात जास्त घात होतो तो आदेशात नसलेलं मागितल्यानं. निवृत्त शिक्षकाच्या थकीत पेन्शनचं उदाहरण घ्या. आदेशाची शेवटची ओळ अशी: "अर्जदाराच्या निवेदनावर तीन महिन्यांत कायद्यानुसार निर्णय घ्यावा." निर्णय घ्यावा, एवढंच. पेन्शन द्यावी, असं त्यात कुठंही नाही. कार्यालयानं एका पानाच्या पत्रानं निवेदन फेटाळलं, की आदेश पाळला गेला. ते फेटाळणं चुकीचं असलं तरी त्यासाठी नव्यानं दाद मागावी लागते. जे. एस. परिहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच हे सांगितलं. सुधीर वासुदेव प्रकरणात २०१४ मध्ये पुन्हा बजावलं, की मूळ आदेशाच्या चौकटीबाहेर अवमानाच्या कोर्टाला जाता येत नाही. म्हणून खरी मेहनत मूळ याचिकेतच हवी. रक्कम, व्याज, तारीख तिथंच मागा आणि आदेशात येईल असं बघा.

दुसरी चूक स्मरणपत्रांची. अवमान घडल्यापासून एक वर्षाची मुदत १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात कलम २० नं घातली आहे. पत्रं पाठवत बसल्यानं ती वाढत नाही.

आदेश मोडला एवढंही पुरत नाही, तो जाणूनबुजून मोडलेला असावा लागतो. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत पत्रासोबत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारखेसह, मारून घ्या. हा शिक्का नसेल तर "आदेश मिळालाच नाही" हे उत्तर ठरलेलं.

दिवाणी हुकूमनाम्याची वसुली करायची असेल तर रस्ता दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जाचा, आहे. खालच्या कोर्टाचा मनाई हुकूम मोडला असेल तर त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९, नियम २अ खाली अर्ज द्या. तिथं मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

अवमान कायद्यातल्या शिक्षेलाही हद्द आहे: सहा महिने साधी कैद, दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मनापासून माफी मागितली तर तीही माफ होऊ शकते. आणि याचिका फेटाळली गेली तर याच कायद्याच्या कलम १९ खाली अपील नाही. ते शिक्षा झालेल्यासाठी आहे. तुम्हाला थेट सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकाच करावी लागेल.