‘एग्झेंटरेट’ हे क्रियापद कसे समजावे आणि कुठे वापरावे

‘एग्झेंटरेट’ (exenterate) या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ पोट चिरून आतडी बाहेर काढणे, म्हणजेच कोथळा काढणे असा आहे. ‘एक्स’ हा ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग आणि ‘एंटेरॉन’ हा आतड्यासाठीचा ग्रीक शब्द यांपासून तो बनला असून, लॅटिनच्या वाटेने तो १७व्या शतकात इंग्रजीत आला. डिसेंट्री आणि गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या ओळखीच्या शब्दांतही तेच ‘एंटेरॉन’ आहे, हे ध्यानात ठेवले की अर्थ सहसा विसरला जात नाही. उच्चारात जोर दुसऱ्या उच्चारघटकावर, म्हणजे ‘झेन’वर येतो.

वापरताना सर्वप्रथम कर्म तपासावे. हे क्रियापद सकर्मक आहे आणि जे रिकामे केले जाते तेच त्याचे कर्म असते. जे बाहेर काढले जाते ते नव्हे. त्यामुळे ‘एग्झेंटरेट द फिश’ हे बरोबर, पण माशाच्या आतड्यांना कर्म करणे चूक.

आज हा शब्द खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो शस्त्रक्रियेच्या परिभाषेत, आणि तेथे तो ‘एग्झेंटरेशन’ या नामरूपाने येतो. अमेरिकी शल्यचिकित्सक ॲलेक्झांडर ब्रन्श्विग यांनी १९४८ मध्ये ज्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्या ‘पेल्व्हिक एग्झेंटरेशन’मध्ये ओटीपोटातच पसरलेल्या कर्करोगासाठी मूत्राशय, गुदाशय, गर्भाशय असे ओटीपोटातील अवयव एकत्रितपणे काढले जातात. नेत्रशल्यशास्त्रात तर तीन शब्दांमधील भेद काटेकोरपणे पाळावाच लागतो: ‘एव्हिसरेशन’मध्ये डोळ्याचे पांढरे बाह्य कवच राखून फक्त आतला भाग काढतात, ‘एन्यूक्लिएशन’मध्ये संपूर्ण नेत्रगोलक काढतात, आणि ‘एग्झेंटरेशन’मध्ये नेत्रगोलकासह खोबणीतील स्नायू, चरबी व इतर ऊतीही काढतात. डोळ्याच्या या शस्त्रक्रियेत आतड्यांचा काही संबंध उरलेला नाही. पोकळी आतून रिती करणे एवढाच अर्थ शिल्लक आहे. अशा मजकुराचा मराठी अनुवाद रुग्णाच्या नातेवाइकांसाठी करताना ‘कोथळा’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये. कोणते अवयव काढले जाणार आहेत ते सरळ सांगावे.

शस्त्रक्रियेबाहेर मात्र दुसरा शब्द निवडणेच बहुधा योग्य ठरते. हिंसेच्या वर्णनासाठी ‘डिसएम्बॉवेल’, मासे साफ करण्यासाठी साधा ‘गट’, आणि स्कॉटलंडमध्ये शिकार केलेल्या हरणाची आतडी काढण्यासाठी गेलिक भाषेतून आलेला ‘ग्रॅलक’ असे रुळलेले शब्द इंग्रजीत आहेतच. दुरुस्त्यांनी एखाद्या कायद्याचा प्राणच काढून घेतला, असा लाक्षणिक अर्थ हवा असेल तर ‘एव्हिसरेट’ वापरावा. वाचकाला तो लगेच कळतो, तर ‘एग्झेंटरेट’पाशी तो अडखळतो. जुन्या धाटणीचे गद्य जाणीवपूर्वक लिहायचे असेल, तरच हा दुर्मीळ शब्द तेथे शोभतो.

शेवटची खबरदारी वर्णलेखनाची. ‘एग्झॉनरेट’ (exonerate) म्हणजे दोषमुक्त करणे. या दोन शब्दांत अक्षरांचा फरक थोडा आणि अर्थाचा प्रचंड आहे. संगणकाची शुद्धलेखन तपासणी अपरिचित ‘एग्झेंटरेट’च्या जागी परिचित ‘एग्झॉनरेट’ सुचवू शकते, म्हणून सुचवलेला बदल स्वीकारण्यापूर्वी संपूर्ण वाक्य पुन्हा वाचावे.