ग्रीक पुराणकथांतील भविष्यवाणी कशी वाचावी

ग्रीक कथेत भविष्यवाणी आली की प्रथम ती कोणाच्या मुखातून आली हे पाहावे. डेल्फीच्या मंदिरात तिवईवर बसणारी पुजारीण पिथिया स्वतःचे काही सांगत नसे, तिच्या तोंडून अपोलो हा देव बोलतो अशी श्रद्धा होती. ट्रॉयच्या युद्धातील ग्रीकांचा कॅल्कस याच्यासारखा द्रष्टा मात्र शकुनांचा अर्थ लावत असे, आणि सापाने चिमणीची 8 पिल्ले व त्यांची आई गिळल्याचे पाहून, या 9 पक्ष्यांइतकी वर्षे युद्ध चालून ट्रॉय नगर 10व्या वर्षी पडेल असे त्याने सांगितले.

त्यानंतर भविष्यवाणीचे नेमके शब्द वेगळे लिहून काढावेत आणि ऐकणाऱ्याने त्यांत स्वतःचे काय मिसळले ते शोधावे. माझ्या मते कथेचे मर्म बहुधा येथेच सापडते. कॉरिंथच्या राजवाड्यात वाढलेल्या इडिपसने डेल्फीत आपले आईवडील कोण असे विचारले होते, उत्तर मिळाले ते पित्याचा वध आणि मातेशी विवाह यांचे. कॉरिंथचा राजा पॉलिबस हाच आपला पिता, ही समजूत त्याची स्वतःची होती. म्हणून तो कॉरिंथ टाळून थीब्झ नगराच्या दिशेने निघाला आणि वाटेत भेटलेल्या लायसला, आपल्या खऱ्या पित्याला, त्याने न ओळखता ठार केले.

द्रष्ट्याला स्वतःला काय सोसावे लागते, तेही नोंदवावे. थीब्झचा द्रष्टा टायरेसियस आंधळा आहे. ट्रॉयच्या राजकन्येने, कसांड्राने, अपोलोचे प्रेम नाकारले, तेव्हा तिला दिलेली दिव्यदृष्टी त्याने काढून घेतली नाही, केवळ तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असे केले. हा शाप मला सर्वांत क्रूर वाटतो, आणि म्हणूनच तिचे शब्द वाचताना भोवतीची माणसे काय उत्तर देतात याकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे.