एलबीव्ही तारे : या चुका टाळा, निदान पहिली तरी

निळे, तेजस्वी, रूपविकारी (तेज बदलत राहणारे) हायपरजायंट तारे, म्हणजे ज्यांना आपण सुटसुटीतपणे एलबीव्ही (ल्युमिनस ब्लू व्हेरिएबल) म्हणतो, त्यांच्यावरचं हौशी मंडळींचं लिखाण बरीच वर्षं माझ्याकडे तपासायला येतं. लिहिणारे दरवेळी नवे असतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात नावडती चूक: "तारा उजळला, म्हणजे जास्त ऊर्जा टाकायला लागला." हिच्यावर मी हक्काने बोलतो, कारण ती मी स्वतः थाटामाटात केली आहे. एजी कॅरिनीच्या नोंदी हाताशी होत्या. हा तारा काही वर्षांत आठव्या प्रतीच्या आसपासहून सहाव्यापर्यंत चढतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). दोन प्रतींचा फरक म्हणजे सव्वासहापट तेज. तीन रात्री जागून आलेख काढला, वर गाभ्यात काय घडलं असेल याची पानभर कारणमीमांसाही लिहिली. सरांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "तापमान कुठलं धरलंस?" शांत अवस्थेतलं तापमान मी शेवटपर्यंत तसंच ठेवलं होतं. पानभर मजकूर गेला कचऱ्यात.

होतं असं की, शांत असताना ताऱ्याचा पृष्ठभाग 20,000 केल्विन किंवा त्याहून तप्त असतो आणि त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील, डोळ्याला न दिसणारा. मग बाहेरचे थर फुगतात, तापमान 8,000 च्या आसपास उतरतं आणि तोच प्रकाश दृश्य पट्ट्यात सरकतो. तापमान अडीचपट उतरलं की तेवढ्याच ऊर्जेसाठी त्रिज्या सव्वासहापट लागते. एजी कॅरिनीत तर उजळलेल्या काळात एकूण तेजस्विता थोडी घटलेलीच आढळली आहे. थर फुगवायलाही ऊर्जा लागते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रतीच्या शेजारी तापमानाचा रकाना असतो. तो रिकामा असेल तर मी आलेखाला हात लावत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आकडे ओतून पाच मिनिटांत तेजस्विता काढणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

पण हा नियम पाठ करून तो ईटा कॅरिनीला लावायला जाऊ नका. 1843 मध्ये हा तारा व्याधाखालोखाल तेजस्वी दिसत होता. तो महाउद्रेक होता, त्यात एकूण ऊर्जा खरोखरच वाढली आणि सूर्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त वस्तुमान बाहेर फेकलं गेलं. दोन्ही प्रकारांना सरसकट 'उद्रेक' म्हटल्याने निम्मा गोंधळ होतो.

दुसरी चूक 'हायपर' या शब्दाची. लोक त्याचा अर्थ 'सगळ्यात मोठा' असा घेतात. पी सिग्नी या एलबीव्हीची त्रिज्या सूर्याच्या साधारण 75 पट, तर काक्षीची (बेटेलज्यूज) काहीशे पट. काक्षी तरीही साधी महाराक्षसी (सुपरजायंट). हायपरजायंट ठरतो तो प्रचंड तेजस्वितेवरून आणि वर्णपटात दिसणाऱ्या जोरदार वस्तुमान-गळतीच्या खुणांवरून. आकाराची चित्रं शेजारी शेजारी मांडून लेख सजवायचा मोह आवरा.

उरलेल्या चुका पटापट. निळा महाराक्षसी दिसला की एलबीव्ही म्हणू नका. फुगून थंड होण्याचा वर सांगितलेला बदल किंवा महाउद्रेक नोंदला गेला नसेल तर तो फक्त उमेदवार. पी सिग्नी धर्तीची रेषा, म्हणजे उत्सर्जन आणि त्याच्या निळ्या बाजूला शोषण, दिसली तर ती ताऱ्यातून बाहेर वाहणाऱ्या वायूच्या 'वाऱ्याचा' पुरावा, एलबीव्ही असल्याचा नव्हे. अंतर दुप्पट चुकलं तर तेजस्विता चौपट चुकते, म्हणून विक्रमी आकडे जपून वापरा. पिस्टल ताऱ्याची तेजस्विता सुरुवातीला सूर्याच्या कोटीपट सांगितली गेली होती, ती पुढे बरीच खाली आली. आणि "ईटा कॅरिनी उद्या फुटणार" असं शीर्षक आलं की मी पुढचं वाचतच नाही.

शेवटची तक्रार उतावळ्या निरीक्षकांबद्दल. महिनाभर पी सिग्नी पाहायचा आणि "काहीच होत नाही" म्हणून सोडून द्यायचा! डच नकाशाकार विलेम ब्लाऊने 1600 मध्ये तो तिसऱ्या प्रतीचा पाहिला, 1626 च्या सुमारास तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला, 1655 मध्ये पुन्हा उजळला. आज तो पाचव्या प्रतीच्या आसपास आहे, आणि त्याचे हल्लीचे चढउतार प्रतीच्या दशांशात मोजावे लागतात.