दुसऱ्या पसंतीचं मत कसं मागायचं

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक पसंतीक्रमाने होते. मतदार ५ उमेदवारांपर्यंत क्रम लावू शकतो. मोजणी फेऱ्यांमध्ये होते: मागे पडलेला उमेदवार बाद झाला की त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला जातात. त्यामुळे इथे प्रचार करताना मी कार्यकर्त्यांना आधी एकच सांगते: विरोधकाचा समर्थक दार उघडेल तेव्हा पाठ फिरवू नका.

तो म्हणेल, "माझं ठरलंय." वाद घालू नका. "चांगलंय, मग दुसरा क्रमांक कुणाला?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. बहुतेकांनी तो विचार केलेलाच नसतो. भाडं, बस, पाळणाघर, जे त्याच्या तोंडून येईल त्यावरच बोला. यादीत नावापुढे '२' लिहा, शेवटच्या आठवड्यात पुन्हा जा. २०२१ मध्ये याच निवडणुकीत एरिक ॲडम्स कॅथरिन गार्सिया यांच्यापुढे शेवटच्या फेरीत जेमतेम ७,१९७ मतांनी राहिले. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत सांगते.

उमेदवारांची युती मात्र वेळेवर करा. २०२५ मध्ये झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी मतदानाआधी एकमेकांना पाठिंबा दिला, तोही उघडपणे. मतदाराला हे नीट समजतं.

पैशांसाठी छोट्या देणग्या गोळा करा. पात्र उमेदवाराला शहरवासीयाच्या पहिल्या २५० डॉलरवर शहर आठपट भर घालतं.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पसंतीक्रम नसतो. तिथे '२' च्या याद्या बाजूला ठेवा आणि थेट मत मागा.